वागळे इस्टेटच्या लेथवाल्या काकांना, जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

हे खरं तर समोरच सांगायचं होतं, पण त्या दिवशी तुमच्या गाळ्यात दुसरा माणूस पंपाचा शाफ्ट घेऊन ताटकळत उभा होता, तुम्ही "झालं ना ताई, या आता" म्हणून परत मशीनकडे वळलात आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्यामुळे राहूनच गेलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. माझी आणि माझ्या भावाची एक जुनी शिडाची बोट आहे, दोन जण जेमतेम मावतील एवढी, नेरुळला सारसोळे जेट्टीजवळ असते. तिची डोलकाठी ॲल्युमिनियमच्या पाइपची, 20 फुटांच्या आसपास, आणि न्यायला-आणायला सोपं म्हणून दोन तुकड्यांत. वरचा पाइप खालच्यात बसतो. तो सांधा झिजला होता. बोट वळवली की वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला येतो आणि डोलकाठीवरचा सगळा ताण इकडून तिकडे जातो, आणि दर वेळी तो सांधा टक्क करून हलायचा. आत खाडीचं मीठ आणि बारीक रेती, मग घासणं चालूच. संध्याकाळी बोट वर काढली की सांध्याखाली पाइपवर काळपट ओघळ दिसायचे, ते काळं म्हणजे ॲल्युमिनियमच, घासून निघालेलं. स्क्रूंच्या भोवती पांढरी पावडर ती वेगळीच. सुरुवातीला आवाज फक्त मलाच यायचा (भाऊ म्हणायचा तुझे भास आहेत), नंतर जेट्टीवरचे कोळीदादासुद्धा विचारायला लागले, काय वाजतंय तुमच्या होडीत.

आता आधीच्या महाशयांबद्दल थोडं बोलते, कारण ते बोलल्याशिवाय तुमचं काय कौतुक ते लोकांना कळणार नाही.

पहिले होते बोटींमधले जाणकार. त्यांनी पाइपला हातसुद्धा लावला नाही. फोटो बघितला, अर्धा सेकंद, आणि म्हणाले नवीन मागवा, बाहेरून येईल, शिपिंग वेगळं पडेल. आणि हे सगळं माझ्या भावाकडे बघून. प्रश्न मी विचारतेय, उत्तर त्याला मिळतंय. दुसरे फॅब्रिकेशनवाले, ते एकदम जोशात, "आर्गॉन मारून देतो मॅडम, आयुष्यभर बघायला नको". म्हणजे आर्गॉन वेल्डिंगने दोन्ही तुकडे कायमचे जोडून टाकणार! अहो, मग तो 20 फुटी खांब आम्ही तिसऱ्या मजल्यावर कुठल्या खिडकीतून घेऊ? आणि तिसरे, त्यांनी काम केलं, पैसेही घेतले. काय केलं तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून सांध्यात गुंडाळला आणि वरून लांबी भरली. कॅनचा पत्रा कसला असतो, मिलिमीटरचा दहावा भाग वगैरे. पहिला बरा वारा लागला आणि पत्रा सरकून बाहेर डोकवायला लागला, त्याची ती धार आणि वर शिडाचं कापड, नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो. फोन केला तर म्हणे, तुम्ही जास्त जोरात चालवली असेल.

जोरात चालवली! शिडाची बोट आहे हो, ॲक्सिलरेटर नाहीये तिला.

तर या सगळ्यानंतर दोन्ही पाइप छोट्या हत्तीत टाकून, मागे लाल फडकं बांधून, ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून तुमच्याकडे आलो तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होते. तुमचा पहिला प्रश्न, "झेंड्याचा खांब का?" मी मनात म्हटलं संपलं, यांनी तर डोलकाठी बघितलेलीच नाही. आणि तुम्ही तसं सरळ सांगितलंतही, की बोटीचं काम कधी केलं नाही, तुम्ही सांगा ताण कुठून येतो. खडू दिलात माझ्या हातात. फरशीवर मी बोट काढली, शीड काढलं, तारा काढल्या, आणि तुम्ही उकिडवे बसून बघत होतात. मध्येच एकदा "म्हणजे ही रोज दोन्ही बाजूंनी वाकते" एवढंच म्हणालात. बरोब्बर तेच! ते जाणकार महाशयांनी एकदाही विचारलं नव्हतं.

मग व्हर्निअर, म्हणजे ते बारीक मोजायचं माप, काढून खालच्या पाइपचं तोंड आधी उभं मोजलंत, मग आडवं, आणि मला वाचायला लावलंत. दोन वेगळे आकडे. गोल पाइप गोल राहिलाच नव्हता. मी आर्गॉनचं विचारलं तर तुम्ही पाइपवर नख आपटून म्हणालात, "हा माल तापवून कडक केलेला आहे ताई, परत तापवला की मऊ पडणार." मी नंतर वाचलं, अगदी तसंच आहे. डोलकाठ्या बहुतेक 6061 किंवा 6082 असल्या जातीच्या ॲल्युमिनियमच्या, त्याला कारखान्यात 500 डिग्रीच्या वर तापवून एकदम थंड करतात, मग 170 च्या आसपास काही तास शेकवतात, तेव्हा कुठे ती ताकद येते. वेल्डिंग केलं की आजूबाजूच्या पट्ट्यातली ताकद पार निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे त्या जोशवाल्यांचं ऐकलं असतं तर डोलकाठी पुढच्या सीझनला वेल्डच्या शेजारीच बसली असती, आणि ती कुणाच्या डोक्यावर हा फक्त नशिबाचा भाग.

कामाचं सगळं लिहीत बसत नाही. आतून नवीन स्लीव्ह (सांध्यात बसणारी नळी), झिजायच्या जागी डेलरिन नावाच्या टणक प्लास्टिकचा बुश, म्हणजे बांगडीसारखं अस्तर, म्हणजे पुढे झिजला तर बुश झिजेल, पाइप नाही. मी शहाणपणा करून नायलॉन सुचवलं होतं तर तुम्ही म्हणालात नायलॉन पाणी पितं, फुगलं तर पाइप अडकून बसेल. आणि ते स्टीलचे स्क्रू काढून फेकलेत, खाऱ्या पाण्यात स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ठेवले की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, पांढऱ्या पावडरीचं उत्तर ते होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. काम झालं होतं. पाइप एकमेकांत बसवून दाखवला होता, जरासुद्धा हलत नव्हता, मी पर्स उघडलेली होती. तेवढ्यात भाऊ सहज म्हणाला की आतून शीड वर ओढायची दोरी जाते. तुम्ही थांबलात. "आतून? स्लीव्हवरून?" आणि पाइप परत वेगळे केलेत. स्लीव्हची कड आधीच चांगली होती, मला तरी काही दिसत नव्हतं. तुम्ही गोल कानस घेतलीत, मग बारीक पॉलिश पेपर, बोटाला गुंडाळून आतून फिरवत राहिलात, शाफ्टवाला तिकडे घड्याळ बघतोय, आणि मग कोपऱ्यातल्या चिंध्यांतून जुन्या बनियनचा एक तुकडा घेतलात आणि त्या कडेवरून हळू ओढलात. एका जागी धागा अडकला. एकच धागा. परत पेपर मारलात, परत ओढलंत, तिसऱ्यांदा बनियन सरळ निघून आलं तेव्हा माझं बोट धरून कडेवर फिरवलंत, "लागतंय का कुठे?"

नाही लागलं काका. मला काय बोलावं सुचेना, खरं सांगते डोळे भरून आले आणि मी उगाच फोनमध्ये बघितलं. जी दोरी तुम्ही बघितली नाही, जी बोट कधी बघितली नाही, तिथे भर खाडीत ती दोरी तुटली असती तर तुमच्याकडे कुणी येऊन विचारलंही नसतं. कळलंच नसतं कुणाला की कड राहिली होती.

आणि पैसे तुम्ही व्यवस्थित घेतलेत, बिल दिलंत, हेही मला फार आवडलं. आपल्याकडे चांगला माणूस म्हटलं की त्याने फुकट करायचं असं काहीतरी असतं, तसं नको. कामाचे पैसे घेऊन काम पूर्ण करणारा माणूस मिळणं हेच आता लॉटरी लागल्यासारखं झालंय. प्लंबर, इंटिरियरवाले, सोसायटीचे कॉन्ट्रॅक्टर, कुणाचंही बघा, दिसेल तेवढं चकाचक आणि आत देवाच्या भरवशावर. 1962 साली एमआयडीसी सुरू झाली तेव्हा तिची पहिली वसाहत म्हणजे तुमचं वागळे इस्टेट, आज तिथे जिकडे बघावं तिकडे काचेच्या बिल्डिंगा आणि आयटी, मी स्वतः तसल्याच एका बिल्डिंगमध्ये ऐरोलीला बसते त्यामुळे मी बोलणारी कोण. पण तुमच्या शेजारचे दोन गाळे बंद दिसले आणि वाईट वाटलं. हे असं बनियन ओढून बघणं कुठल्या कोर्समध्ये शिकवतात? तुम्हाला कुणीतरी उस्तादाने डोक्यात टपली मारून शिकवलं असणार.

पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवली. दुपारचा वायव्येचा वारा चांगला होता, आम्ही मुद्दाम सारखी बोट वळवत होतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे, भाऊ तर सांध्याला कान लावूनच बसला होता. काही नाही. काळा ओघळ नाही, टक्क नाही.

तर आता तुम्ही यायचंय. पोहता येत नाही म्हणालात त्याचं टेन्शन घेऊ नका, लाइफ जॅकेट आहे, काकूंच्या मापाचंही आहे. येत्या उधाणाच्या भरतीची वेळ बघून मी फोन करते, ओहोटीला आमच्याकडे नुसता चिखल असतो, त्यामुळे वेळेवर निघा आणि चांगले बूट घालून येऊ नका.

तुमची,
झेंड्याच्या खांबवाली ताई