ते चार बोल्ट कुणी लावायचे होते?

संपादक महोदय,

विमान अपघात झाला की दोन दिवसांत सगळीकडे एकच सुरू होतं, चूक पायलटची की कंपनीची, आणि एक नाव मिळालं की लोक मोकळे. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

अमेरिकेतल्या अलास्का एअरलाइन्सचं उदाहरण बघा. 5 जानेवारी 2024 ला पोर्टलँडहून निघालेल्या बोईंग 737 मॅक्स 9 चं दाराच्या जागी बसवलेलं पॅनलच हवेत उडालं, आत 177 माणसं, नशीब की त्याला लागून असलेल्या सीटवर कोणी नव्हतं. विमान जेमतेम दोन महिन्यांपूर्वी कंपनीकडून आलेलं! सांगाडा बनला विचिटाला, बोईंगला सांगाडे पुरवणाऱ्या स्पिरिट एअरोसिस्टिम्सकडे, त्यात रिवेट (पत्रे जोडणारे खिळे) खराब निघाले, ते दुरुस्त करायला बोईंगच्या रेंटन कारखान्यात ते पॅनल उघडलं आणि बंद करताना चार बोल्ट लावलेच नाहीत. कुणी उघडलं? त्याची नोंदच केली नव्हती, त्यामुळे तपास करणाऱ्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. नोंद नाही म्हणून तपासणी नाही, आणि विमान तसंच गिऱ्हाइकाकडे गेलं. तपासाच्या अहवालात बोईंगच्या ट्रेनिंग आणि देखरेखीवर ठपका आहेच, पण ज्या सरकारी खात्याने कारखान्यावर लक्ष ठेवायचं त्या एफएएवरही आहे, आणि ते बरोबरच आहे.

जपानचा 1985 चा अपघात तर याहून भयंकर, 520 माणसं गेली, वाचली फक्त चार. 1978 मध्ये त्या विमानाची शेपटी रनवेला घासली होती, दुरुस्ती खुद्द बोईंगच्या लोकांनी केली पण जोडपट्टी चुकीची बसवली, रिवेटच्या दोन ओळींवर यायचा भार एकाच ओळीवर आला. पुढची सात वर्षं विमानाच्या तपासण्या होत राहिल्या आणि वाढत चाललेल्या भेगा एअरलाइनला दिसल्याच नाहीत, शेवटी तोच जोड फुटला. आता यात एकच दोषी कसा काढणार?

आपल्याकडे नागपूरला मिहानमध्ये विमानांच्या मेंटेनन्सचं मोठं हँगर आहे, नाशिकजवळ ओझरला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल आहे, आपलीच पोरं तिथे कामं करतात. डिलिव्हरीची घाई असताना "नोंद अपुरी आहे, मी सही करणार नाही" असं त्यांच्यातल्या एखाद्याला बिनधास्त म्हणता येतं का, आणि म्हटलंच तर त्याची नोकरी राहते का, यावर तुमच्या पेपरने एकदा तिथल्या टेक्निशियन लोकांशी बोलून सविस्तर लिहावं ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक