पीटीचा तास कुणाचा?

वेळापत्रकात पीटीचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताच्या बाई घेतात. आमच्या गावच्या शाळेत खेळाचे साहित्य कपाटात कुलूपबंद असते, लेझीम निघते ती २६ जानेवारीच्या तोंडावर. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने प्रत्येक शाळेला मैदान व खेळसाहित्य बंधनकारक केले. मात्र आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक (म्हणजे अर्धवेळ शिक्षक) सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच! म्हणजे खेड्यातल्या लहान शाळा आपोआप बाद. दहावीत खेळाडूंना सवलतीचे गुण द्यायचे आणि प्राथमिकला शिकवायला कुणी नाही, हा अजब कारभार. पटाची अट ठेवायचीच, तर निदान प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, एक फिरता क्रीडाशिक्षक नेमावा.

– एक पालक, सातारा