कॅब सोडून फोनवर राहिलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

आपण एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तुम्ही व्हेंडरकडच्या रात्रपाळीत, मी आमच्या सर्व्हर रूमशेजारच्या खोलीत. तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करताना मी ‘थँक्स, इश्यू रिझॉल्व्ड’ एवढंच खरडलं होतं. ते तेव्हापासून खटकतंय, म्हणून हे पत्र.

घोळ माझाच होता. दोन नोडचा विंडोज क्लस्टर, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं असे जोडलेले दोन सर्व्हर, दोन्ही व्हीएमवेअरवरची आभासी मशीनं (व्हीएम). त्यावर एसक्यूएलचा अव्हेलेबिलिटी ग्रुप, म्हणजे त्याच डेटाबेसची प्रत दोन्हीकडे. पॅच (सुधारणा) टाकायच्या आधी मी चालू, ॲक्टिव्ह नोडचाच (काम करतो तो; राखीव तो पॅसिव्ह) स्नॅपशॉट घेतला, म्हणजे बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून मशीनची त्या क्षणाची स्थिती गोठवली, तोही मेमरीच्या चौकोनावर टिक करून. रॅम ६४ जीबी. मशीन अडखळलं, हार्टबीट (नोड एकमेकांना ‘जिवंत आहे’ म्हणून पाठवतात ते संदेश) चुकले, नोड क्लस्टरबाहेर गेल्याचा ११३५ नंबरचा इव्हेंट पडला आणि डेटाबेस दुसऱ्या नोडवर गेला. मी म्हटलं, नेटवर्कचं काहीतरी असेल. सगळं परत पहिल्या नोडवर आणलं आणि स्नॅपशॉट विसरलो. अकरा दिवस!

बाराव्या रात्री डेटास्टोर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा, भरत आल्याचा अलर्ट आला. मूळ डिस्क ५०० जीबीची, स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल ३१० वर. घाबरून स्नॅपशॉटचं डिलीट दाबलं. पट्टी ९९ टक्क्यांवर गेली आणि तिथेच बसली. अर्धा तास. माझं बोट व्हीएम रीसेटवर होतं, तेवढ्यात तुम्ही फोन उचललात.

‘आधी माउसवरचा हात काढा,’ तुम्ही म्हणालात. मग विचारलंत, ‘हा नोड ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह?’ हा प्रश्न मला अकरा दिवसांत एकदाही सुचला नव्हता.

९९ म्हणजे अडकलंय असं नाही, हे तुम्ही माझ्याच डोळ्यांना दाखवलंत: डेटास्टोरच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइलींच्या वेळा बघा, बदलतायत ना? बदलत होत्या. म्हणजे डेल्टातले बदल मूळ डिस्कमध्ये विलीन होणं चालू होतं, आणि मी ते मध्येच तोडून डिस्कची साखळी खराब करायला निघालो होतो. शेवटचा तुकडा जोडताना मशीन क्षणभर थिजतं. डेल्टा मोठी आणि लिखाण जोरात असेल तर तो क्षण लांबतो. विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये हार्टबीट दर सेकंदाला जातो, लागोपाठ दहा चुकले की क्लस्टर त्या नोडला मेलेला धरतो (त्याआधीच्या २०१२ आर२ मध्ये तर पाचच). ‘ते आपोआप होण्याआधी आपणच हलवू,’ तुम्ही म्हणालात. ‘सिंक्रोनाइज्ड दिसतंय, दोन्ही प्रती सारख्या? मग ग्रुप दुसऱ्या नोडवर न्या. एसक्यूएलमधून. क्लस्टर मॅनेजरमधून नको.’ नेला. ॲप्लिकेशन एकदा तुटून परत जोडलं गेलं, बस. त्यानंतर ती पट्टी किती वेळ घेते याची मला फिकीर उरली नाही.

आता आमच्याकडे तुमचीच पद्धत चालते. आधी पॅसिव्ह नोड. तो क्लस्टरमध्ये पॉज, जमलं तर बंदच करायचा, मग मेमरीविना स्नॅपशॉट. पॅच, तपासणी, डिलीट, आणि डिलीट पूर्ण झाल्यावरच ग्रुप त्याच्यावर हलवायचा. मग दुसरा. व्हीएमवेअर स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका म्हणतं, आम्ही २४ च ठेवलेत, कारण विसरणारा माणूस मी आहे. आणि बॅकअप वेगळा. मूळ डिस्कच गेली तर डेल्टा घेऊन काय करणार? डोमेन कंट्रोलरला (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) मात्र मी अजून स्नॅपशॉटचा हात लावत नाही. व्हीएम मागे नेल्याचं त्याला ओळखता यावं म्हणून व्हीएम जनरेशन आयडी विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे, माहीत आहे. तरी नाही.

वरच्या लोकांना तो सगळा प्रकार ‘नियोजित फेलओव्हर’, म्हणजे ठरवून काम दुसऱ्या नोडवर नेणं, म्हणून कळला. शब्द तुमचाच होता, आणि खोटाही नव्हता.

एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. अडीचच्या सुमारास तुमच्या मागून कुणीतरी म्हणालं, ‘साहेब, निघायचं का? बाकीचे बसलेत.’ तुम्ही फोनवर हात ठेवून काहीतरी सांगितलंत आणि मला म्हणालात, ‘हं, फाइलींच्या वेळा परत वाचा.’ पट्टी शंभरवर गेली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तुमची कॅब कधीच गेली असणार. त्या रात्री तुम्ही घरी कसे गेलात, दादा?