वर्गात उभं राहणाऱ्याला कायद्याने काय दिलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावर २०२५च्या एप्रिल ते जूनमध्ये महाराष्ट्रात जे रण माजलं, ते मी इथे अमेरिकेत बसून रोज वाचत होते. जूनअखेर सरकारने याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्या गदारोळात मुलांवरचा बोजा आला, अस्मिता आली, राजकारण आलं. पण ती भाषा पहिलीच्या वर्गात ज्या बाई किंवा जे गुरुजी शिकवणार, त्यांच्या हाती काय देणार, हा प्रश्न माझ्या वाचनात फारसा आला नाही. म्हणून हे पत्र.

इकडे येण्याआधी मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर पाच वर्षं होते. पहिलीची सगळी मुलं घरी कोरकू बोलायची. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही. मला त्यातला एक शब्द येत नव्हता, आणि असा वर्ग मिळाला तर काय करायचं हे डी.एड.च्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मुलं नुसती बघत बसत. मी त्यांच्या नावापुढे ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा लिहीत असे. शेवटी चौथीतल्या एका मुलीला रोज पहिला तास माझ्याजवळ बसवून घेऊ लागले. मी मराठीत बोलायचे, ती कोरकूत सांगायची. त्या तासाचा तिचा स्वतःचा अभ्यास बुडत होता, हे मला फार उशिरा कळलं.

आज मी मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी शाळेत चौथीला शिकवते. माझ्या वर्गातली नऊ मुलं घरी पोर्तुगीज किंवा स्पॅनिश बोलतात. परिस्थिती तीच, फक्त इथे माझ्या पाठीशी कायदा आहे. तो सहज आलेला नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न समजणारी सुमारे १,८०० चिनी मुलं कोणत्याही मदतीविना बसत होती. त्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये निकाल दिला, की सर्वांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. पुढे १९८१मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात न्यायालयाने कसोटी घालून दिली: शाळेची योजना शास्त्राला धरून हवी, ती राबवायला पुरेशी माणसं आणि साधनं हवीत, आणि तिचा उपयोग होत नसेल तर ती बदलायला हवी. यातली मधली अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिथे शिक्षक येतो.

तरीही आमच्या राज्याने २००२मध्ये सार्वमत घेऊन उलटी वाट धरली. द्विभाषिक वर्ग जवळपास बंद झाले, या मुलांना थेट इंग्रजीतच शिकवायचं ठरलं. मात्र ते कसं शिकवायचं, हे शिक्षकांना नीट शिकवायचं राहून गेलं. २०११मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने राज्याला ठणकावलं, की शिक्षकांची तयारी नसणं हाच या मुलांवरचा अन्याय आहे. त्यानंतर २०१२पासून नियम झाला, की वर्गात इंग्रजी शिकणारं एक मूल जरी असलं, तरी मुख्य विषयाच्या शिक्षकाकडे त्यासाठीची खास पात्रता हवी. सुरुवातीची काही वर्षं या पात्रतेचा अभ्यासक्रम राज्याने आपल्या खर्चाने दिला. २०१७च्या कायद्याने जिल्ह्यांना (इथे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला जिल्हा म्हणतात) द्विभाषिक वर्ग पुन्हा मोकळे केले आणि तिथल्या शिक्षकांसाठी वेगळी पात्रता आणली. २०१९च्या कायद्याने अशा मुलांमागे मिळणारा निधी वाढवला.

त्या अभ्यासक्रमाने मला काय दिलं? गणिताच्या धड्यात ‘टेबल’ शब्द आला की नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर जेवणाचं टेबल येतं, तक्ता येत नाही. आता मी धड्याआधी असे पाच-सहा शब्द चित्रांसह फळ्यावर मांडते. अर्धं वाक्य लिहून देते, ‘हे त्यापेक्षा मोठं आहे, कारण...’, पुढचं मुलं भरतात. आधी शेजारच्याशी पोर्तुगीजमध्ये बोला, मग मला इंग्रजीत सांगा, असं म्हणते. यात अवघड काही नाही. धारणीत मला कुणी हे सांगितलं असतं, तर ते शेरे मी लिहिले नसते.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या (ईएसएल) शिक्षिका दिवसभर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात धावत असतात, आणि एका सत्राच्या अभ्यासक्रमाने कुणी तज्ज्ञ होत नाही. दर हिवाळ्यात होणारी इंग्रजीची चाचणी मुलांचे आणि आमचे कितीतरी तास खाते. पण जिल्ह्याने हात वर केले तर आम्हाला कायद्यावर बोट ठेवता येतं.

आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम २९मध्ये, शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांत मेळघाटातली, गडचिरोलीतली, नंदुरबारमधली मुलं अडकली आहेत. माझी मागणी एवढीच आहे, की भाषेबद्दलचा पुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा त्यात शिक्षकासाठी स्वतंत्र परिच्छेद असावा. कोरकू, गोंडी, भिली, वारली बोलणाऱ्या मुलांच्या शाळेवर नेमणूक होण्याआधी शिक्षकाला पगारी प्रशिक्षण मिळावं, गावातली ती भाषा जाणणारी एक व्यक्ती मानधनावर वर्गात असावी, आणि त्यासाठीची रक्कम त्याच निर्णयात आकड्यात लिहिलेली असावी. म्हणजे चौथीतल्या मुलीला आपला तास सोडून पहिलीत येऊन बसावं लागणार नाही.

आपली नम्र,
एक शिक्षिका, मॅसॅच्युसेट्स (मूळ जिल्हा अमरावती)