दिव्यांग पार्किंग परवान्यांची फेरतपासणी : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री,

स. न. वि. वि.

दिव्यांगांच्या पार्किंग परवान्यांचा गैरवापर होतो असे आरोप झाले आणि आपण सरसकट सगळ्या परवानाधारकांच्या फेरतपासणीची भाषा सुरू केलीत. गैरवापर होतो, यात वाद नाही. त्याची झळ पहिली आम्हालाच बसते. राखीव जागा अडलेली दिसली की काम न करता गाडी वळवून परतणारे आम्हीच. पण चोर कोण आणि धरता कोणाला, एवढे जरा बघा.

आरोपांचा सूर असा, की परवाना लावलेल्या गाडीतून माणूस उतरला आणि धड चालत गेला, म्हणजे तो लबाड. मी तसाच धड चालत जाणारा आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. गाडीतून उतरताना पाय साथ देतात. काम आटोपेपर्यंत, त्यातही ऊन असेल आणि अंग तापले असेल तर, ते ऐकेनासे होतात. परतल्यावर मी दार उघडण्याआधी गाडीच्या टपाला धरून उभा असतो, तेव्हा मात्र कोणी व्हिडिओ काढत नाही. हृदय कमकुवत असलेले, चार पावलांत धाप लागणारे, आमवाताने सकाळी आखडून जाणारे, हे सगळे चारचौघांसारखेच दिसतात. इंग्लंडने ३० ऑगस्ट २०१९ पासून ब्लू बॅजचे, म्हणजे तिथल्या अशाच पार्किंग परवान्याचे, निकष न दिसणाऱ्या अपंगत्वापर्यंत वाढवले ते याचसाठी.

गैरवापराची नेहमीची वाट निराळी आहे. परवाना खरा असतो, वापरणारा दुसराच. वडील घरी झोपलेले आणि त्यांच्या परवान्यावर चिरंजीव खरेदीला. वडील गेल्यावरही परवाना काचेवर तसाच. कॅलिफोर्नियाच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की शंभरी गाठलेल्या सुमारे २६ हजार जणांच्या नावे परवाने चालू होते. राज्यात त्या वयाची माणसे होती अंदाजे ८ हजार! ही वाट बंद करायला कोणाला चालायला लावून बघावे लागत नाही. मृत्यूनोंदी परवान्यांच्या यादीशी जुळवा आणि गाडीजवळ परवानाधारक आहे का ते विचारा. वैद्यकीय माहिती अपुरी असताना अर्ज मंजूर झाल्याचा ठपकाही त्याच अहवालात होता, आणि तो रास्तच. मग दाखला देणाऱ्या डॉक्टरला जाब विचारा ना.

ज्यांच्याकडे परवानाच नाही, त्यांच्याबद्दल तर आपण अवाक्षर काढले नाहीत. ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावणारे तेच. राखीव जागेशेजारच्या तिरप्या रेघांच्या पट्ट्यात हमखास स्कूटर उभी असते, कारण ती जागा मोकळीच आहे असे लोकांना वाटते. व्हीलचेअर वापरणारा चालक आधी खुर्चीचा सांगाडा बाहेर काढतो, मग एकेक चाक, ती जोडतो, दार पूर्ण उघडून खुर्ची सीटला भिडवतो आणि हातांच्या जोरावर सरकतो. हे सगळे त्याच पट्ट्यात. स्कूटर असेल तर तो गाडीतच अडकतो, किंवा परत आल्यावर बाहेर ताटकळतो. या लोकांना दंड किती झाला, तो आकडा आधी जाहीर करा.

राहिली फेरतपासणी. गुडघ्याखाली पाय नसलेल्याने तो अजूनही उगवलेला नाही हे दाखवायला रांगेत उभे राहायचे का? ज्यांच्या आजारात सुधारणा होऊ शकते त्यांना जरूर बोलवा. कायमचे अपंगत्व असलेल्यांना कागदोपत्री नूतनीकरण पुरे.

एवढे करूनही सगळ्यांना बोलवायचेच ठरले, तर तपासणी कुठे होणार, तिथे राखीव पार्किंग आहे का आणि ते मोकळे ठेवायची जबाबदारी कोणाची, हे आपल्या खात्याने पत्रोत्तरी कळवावे.

आपला,
एक परवानाधारक