टाक्यातला गाळ काढायला परवानगी द्या, मा. सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री साहेब, नमस्कार.

आम्ही दर रविवारी गडावर श्रमदानाला जाणारी पोरं, कोणी कंपनीत कामाला, कोणी रिक्षा चालवतं. मागच्या उन्हाळ्यात एक बुजलेलं टाकं मोकळं केलं, साखळी करून घमेली हातोहात वर दिली, आणि तळाकडं गेलो तसे कातळावर छिन्नीचे घाव दिसायला लागले, एका कडेला पाचरी ठोकायची भोकं ओळीने तशीच, म्हणजे पुढचा दगड फोडायचा राहूनच गेलेला. त्या भोकात बोट घातलं ना साहेब, अंगावर काटा येतो. लोकांना वाटतं टाकं म्हणजे नुसता पाण्याचा साठा, पण ही गडाची दगडाची खाणच, इथला दगड काढून तटाला लावायचा आणि झालेल्या खड्ड्यात पाणी साठवायचं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगून ठेवलंय, गड बांधायच्या आधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, आणि झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. केवढा बारीक विचार!

२०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, ११ आपल्या महाराष्ट्रातले, आम्ही गडावर पेढे वाटले. आमचा गड त्या यादीत नाही, त्याचं काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की दुसऱ्या टाक्यासाठी डिसेंबरात अर्ज दिला, चार चकरा मारल्या, दर वेळी नवीन कागद मागितला, आणि आता मे संपत आला, एकदा पाऊस पडून टाकं भरलं की वर्ष गेलं. परवानगीशिवाय करायचं नाहीच आम्हाला, गाळात खापरं निघतात, नाणं निघू शकतं, ते कुठल्या थरात मिळालं हे लिहून ठेवायला जाणकार माणूस पाहिजे. आणि तटाची डागडुजी काढाल तेव्हा सिमेंट नको, चुनाच वापरायला लावा, सिमेंटने ओल आत कोंडते आणि जुना दगड पापुद्रे सुटून झडतो.

एवढंच करा, अर्जांचा निकाल दिवाळीपर्यंत लावा आणि तुमच्या खात्यातला एक माणूस महिन्यातून एक रविवार गडावर पाठवा, त्याला न्यायची-आणायची सोय आम्ही करतो.

या रविवारी पण आम्ही जाणार आहोत. टाक्याला हात लावणार नाही, वाटेवरचं प्लास्टिक गोळा करून परत येऊ.

आपला,
एक गडसेवक