लाकडाचा बैल अन् तुझी खंजिरी

प्रिय सुध्या,

परवा रात्री तुझा फोन आला तवा मी झोपलो होतो असं म्हणालो ना, ते खोटं होतं. सव्वाबारा वाजले होते अन् मी ओसरीत बसून लाकूड कानसून राहिलो होतो. फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असता, म्हणून लिहूनच पाठवतो, सवडीनं वाचजो.

तू म्हणत होता का ऑफिसातून आल्यावर काहीच करावंसं वाटत नाई, मोबाईल घेऊन पडून राहतो, झोप येत नाई अन् सकाळी पुन्हा तेच. आता माझं काय वेगळं होतं बे? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता अन् आपल्या हातात क्विंटलमागं ४००० च्या आसपास पडले, तेही ओलावा, माती, कचरा सगळं ऐकून घेतल्यावर. त्या दिवाळीपासून डोक्शात नुसता हिशोब. जेवताना हिशोब, वखर हाकताना हिशोब, पोट्टी शाळेतली कविता म्हणून दाखवून राहिली तरी माझा हिशोब सुरू, शेवटी तीच म्हणाली, बाबा तुम्ही ऐकूनच नाई राहिले. खरंच नव्हतो ऐकत.

पुढच्या पोळ्याच्या महिनाभर आधी लहान्याच्या लाकडी बैलाचं चाक तुटलं, मागचा पायही गेला. तान्हा पोळ्याले, म्हणजे पोट्ट्यांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याले, बैल पाहिजे म्हणून रडगाणं. आता बैलच नाई तर बोजारा, म्हणजे घरोघरी भेटते ती ओवाळणी, कोण देईन! मी म्हणलं थांब, मीच करतो. तोंडातून निघून गेलं, मले कुठं येत होतं? मोडक्या डवऱ्याचं बाभळीचं दांडकं घेतलं तर त्यावर पटाशीच फिसकते, आठ दिवसांत जे झालं ते डुकरावाणी दिसे, बायको तर पदर तोंडाले लावून हसली. मग गोठ्याच्या जुन्या चौकटीचा सागवानाचा तुकडा काढला. त्याले रेषे कुठं चालले ते पाहून पटाशी लावा लागते, नाई तर शिंग सपकन उडते. एक उडालंच. मग शिंगं वेगळी केली, भोकं पाडून फेविकॉलनं बसवली, अन् खरं सांगू का, तेच शिंगं जास्त शोभले.

पण गोष्ट शिंगांची नाई. तिसऱ्या-चौथ्या रात्री लक्षात आलं का अर्धा तास झाला अन् मी एकदाही बँकेचा हप्ता मोजला नाई. मोजूच शकत नाई ना, ध्यान हललं का बोट कापते! झोप काही एकदम लागली नाई हो, त्याले वीसेक दिवस गेले असतीन, पण अंथरुणावर पडल्यावर डोक्शात पासबुकाऐवजी बैलाचं वशिंड येऊ लागलं, का उद्या तिथं थोडं कमी करू. पोळा झाला तरी मी थांबलो नाई. आता सातवा सुरू आहे. शेजारचा दादा १५०० देतो म्हणाला एका जोडीचे, नाई देल्ली. बायको दोन दिवस बोलली नाई, तिचंही बरोबर आहे, पण आपल्याकडं वावरातल्या काडीलेही भाव लागते अन् तो ठरवते दुसराच, मग एवढं एक तरी वजनकाट्यावर चढू नये असं मले वाटते.

भाचा नर्सिंगले आहे, त्यानं मोबाईलवर दाखवलं का अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठानं २०१६ मध्ये ३९ जणांले ४५ मिनिटं माती, मार्कर, कागदाची कातरकाम-चिकटवणी असं काहीबाही करू देल्लं अन् आधी-नंतर त्यांची लाळ तपासली, तर चारातल्या तिघांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी भरलं. अन् ज्याले आधी कलेतलं काही येत होतं अन् ज्याले नव्हतं, दोघांत फारसा फरक नाई. आता ३९ माणसं म्हणजे आपल्या पंगतीची एक ओळ, तेवढ्यावर उड्या माराच्या नाई, पण डुकरावाणी बैलही चालते हे ऐकून बरं वाटलं.

मायले हे सांगितलं तर ती म्हणे, यात नवीन काय? आम्ही भुलाबाईत, पोरींच्या गाण्याच्या सणात, महिनाभर तेच करत होतो. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणे, त्यात सासू, नणंद सगळ्या येत, अन् म्हणे जी गोष्ट घरात बोलता येत नव्हती ती गाण्यात घुसवून टाकायची, कोणाच्या बापाले कळत नव्हतं. झाकून आणलेली खिरापत ओळखता ओळखता हसून हसून पोट दुखे. पूर्ण महिना हं सुध्या! अन् माझे साडभाऊ वडसाकडचे, धान निघाला का त्यांचे डोळे झाडीपट्टीच्या नाटकांकडं लागते, रात्रभर नाटक अन् सकाळी पुन्हा वावर, मी त्यांले येडं म्हणत होतो. त्याच झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंले २०२३ मध्ये पद्मश्री भेटली तवा साडभाऊनं मलेच फोन करून विचारलं, आता बोल, येडं कोण?

आता तुझं. तू खंजिरी वाजवत होता बे. मोझरीले तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या गर्दीत आपलं भजन मंडळ बसलं होतं तवा बाजूच्या गावचे बुवा तुझ्या हाताकडं पाहत होते, हे तूच विसरला. फ्लॅटमध्ये आवाज होते म्हणतो तर गच्चीवर जा, तेही नाई तर मांडीवर थाप धर, दहा मिनिटं, दिवाबत्तीच्या टायमाले. चुकलं तर चुकू दे. फक्त रील नको बनवू, लाईक मोजणं म्हणजे पुन्हा काट्यावर जाऊन उभं राहणं.

अन् एक सरळ बोलतो, राग नको मानू. फोनवर तू शेवटी जे बोलला, का कधी कधी वाटते नसलो असतो तर बरं, त्याले खंजिरी पुरत नाई. १४४१६ वर फोन कर, टेली मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाईन, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागते, मराठीत बोलते. डॉक्टरकडं जाशीन तर मी येतो सोबत, तुरीले पाणी एक दिवस उशिरा देल्लं तर काही मरत नाई ती. वहिनीले सांगितलं का तू? नसन तर आजच सांग.

काल तुझ्या घरी गेलो होतो. काकूनं माळ्यावरून खंजिरी काढून देल्ली, कातडं पार ढिलं पडलं होतं, दिवसभर उन्हात ठेवली तवा ताणलं. रविवारी रात्रीच्या यवतमाळ-पुणे ट्रॅव्हल्सनं पाठवतो, सोमवारी सकाळी उतरवून घेजो. एक झांज गेलेली आहे, तिथं मी बैलाच्या गळ्यातला जुना घुंगरू बसवला, त्यानं आवाज थोडा येडाच येते.

तुझा,
बाळ्या